पहिल्याच विचारण्याला चहा घेणारा पाहुणा

आमच्या गावात पहिल्यांदा विचारल्याबरोबर चहा घेणारा माणूस आजवर एकच येऊन गेला, आणि तो माणूस नव्हता.

आमच्याकडे रीत आहे. "चहा घेणार?" म्हटलं की पाहुण्यानं "छे छे, आत्ताच घेऊन निघालो" म्हणायचं, मग तो सकाळपासून उपाशी का असेना. दुसऱ्यांदा विचारलं की "उगाच कशाला त्रास" म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, एवढं म्हणताय तर" असं पुटपुटत खुर्ची चुलीजवळ ओढायची. तिसऱ्यांदाही नाही म्हणणं म्हणजे घरच्या बाईचा अपमान. माझ्या लेकीला, सोरकाला, मी हे ती बोलायला लागल्यापासून शिकवलं होतं.

टेकडीपलीकडचा मेंढ्यांवाला कोलमन तर या रीतीचा पुतळाच. दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की आमच्याकडे यायचा. टोपी गुडघ्यावर ठेवून वाऱ्याबद्दल बोलायचा, मेंढ्यांच्या खुरांबद्दल बोलायचा आणि सोरकाकडे बघायचा. सोरकाही बघायची. पण नुसतं बघून कुणाचा संसार झालाय? ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला की आमच्याकडे लग्नं बंद, त्यामुळे सोयरिकी त्याआधीच उरकायच्या असतात. कोलमन काही बोलेना आणि दिवस चालले. शेवटी सोरकानं जाहीर केलं, "आई, यंदा जो सरळ तोंडानं मागणी घालील त्याच्याशी मी लग्न करणार. मग तो कुबडा असो नाहीतर पार तिकडच्या कॉर्क शहरातला."

त्या रविवारी एक तरणाबांड परका माणूस दारात उभा राहिला. बाहेर चांगलं कोरडं ऊन होतं आणि याचे केस मात्र निथळत होते.

"या, या. चहा घेणार?" मी म्हटलं.

"हो."

माझा हात किटलीवर तसाच राहिला. पुढचं विचारायचं वाक्य तोंडात आलेलं, ते गिळावं लागलं. माझा नवरा फेस्टी लाजून चुलीतल्या राखेकडे बघायला लागला.

"आणि पाव," तो परका म्हणाला. "तो अख्खा."

सोरका खुदकन हसली. तिनं पाव पुढे केला, लोणीही दिलं. उकळता चहा त्यानं एका घोटात संपवला.

"जमीन आहे का काही?" फेस्टीनं घसा खाकरून विचारलं.

"तळ्याकडे. या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत. दगड औषधालाही नाही."

फेस्टी विरघळलाच. आमच्या शेतात बटाट्यांपेक्षा दगड जास्त पिकतात. दगड नसलेली जमीन या मुलखात कुठून आली, हे विचारायची अक्कल त्याला त्या वेळी नव्हती, आणि एरवीही फारशी नसते.

एवढ्यात कोलमन आला. मी त्याला चहाचं विचारलं, तो नको म्हणाला. पुन्हा विचारलं, पुन्हा नको म्हणाला. तिसऱ्यांदा विचारल्यावर बसला. परका हे सगळं कान टवकारून ऐकत होता. मग तो फेस्टीला म्हणाला, "मला तुमची मुलगी हवी."

कोलमनच्या कपातला चहा बशीत सांडला, पण तोंडातून शब्द काही सांडला नाही. सोरका थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं माझी लाल शाल खुंटीवरून ओढली. "चला," ती परक्याला म्हणाली, "जमीन दाखवा तुमची."

दारातून जाताना तो वाकला, आणि मला त्याच्या भांगात हिरवं शेवाळ दिसलं, बारीक वाळूही. हा तळ्याचा घोडा! माणसाचं रूप घेऊन येतो, पण केसांतलं शेवाळ काही जात नाही. त्याच्या अंगाला हात लावला की चिकटतो, आणि तो तसाच तळाशी घेऊन जातो. दुसऱ्या दिवशी काठाला फक्त काळीज लागतं. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. पण घरात बसून पाव खाणाऱ्या पाहुण्याला "तुम्ही घोडे आहात का हो?" असं विचारणार कसं?

ती दोघं वळणाआड गेल्यावर मात्र मला कंठ फुटला. "कोलमन, तो घोडा आहे! धाव!"

"पण काकू, तिनंच त्याला... मी मध्ये पडणं बरं दिसेल का?"

"मेल्या, तुला ती नकोच होती का मग? यांनी लग्नाचं विचारलं तेव्हा नाही म्हणालास ना?"

"फेस्टीकाकांनी दोनदाच विचारलं हो," कोलमन रडवेला झाला. "मी तिसऱ्यांदाची वाट बघतोय."

मी नवऱ्याकडे वळले.

"दोनदा नाही म्हटल्यावर तिसऱ्यांदा विचारायला मी काय भिकारी आहे?" फेस्टी गुरगुरला. "मलाही काही अब्रू आहे!"

दोघांच्या डोक्यात किटली घालावीशी वाटली. तेवढा वेळ नव्हता. कोलमन पळाला, त्याच्यामागे मी स्कर्ट खोचून.

तळ्याकाठी पोचलो तर परका कुठेच नव्हता. काळाभोर घोडा उभा होता आणि सोरका त्याच्यासमोर पांढरीफटक पडली होती.

"बस पाठीवर," घोडा म्हणाला.

"नको, तुम्हांला कशाला त्रास," सोरका म्हणाली. जिवावर बेतलं तरी वळण ते वळण.

"बस ना."

"नको हो, मी चालत जाईन."

माझा जीव भांड्यात पडणार तोच घोड्यानं गोड आवाज काढला, "एवढं म्हणतोय मी, तर बस की." मेला माझ्याच चुलीजवळ बसून शिकला होता! आणि तिसऱ्यांदा नाही म्हणायला मी माझ्या पोरीला कधी शिकवलंच नव्हतं. तिनं शालीत गुंडाळलेला हात उचलला आणि त्याच्या मानेवर ठेवला. शाल चिकटली. घोडा पाण्याकडे वळला.

"सोरका!" कोलमन ओरडला. त्या माणसाचा आवाज एवढा मोठा आहे हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं. "शाल सोड! मला तू हवी आहेस! माझ्याशी लग्न कर!"

ती गर्रकन फिरली. शाल खांद्यांवरून सुटली, सोरका चिखलात बसली, आणि घोडा माझी शाल मानेवर घेऊन पाण्यात गडप झाला. चार बुडबुडे आले, मग तेही थांबले.

कोलमन धावत गुडघाभर पाण्यात शिरला होता. मी पोरीला छातीशी धरून मोठ्यानं रडले. माझ्याच रीतीनं तिला बुडवलं असतं, या विचारानं मला रडू आवरेना.

सोरकानं डोळे पुसले. कोलमनकडे बघितलं, मग हळूच माझ्याकडे. तिच्या ओठांवर काय येऊन थांबलंय ते मला दिसत होतं.

"आई," ती कुजबुजली, "पहिल्यांदाच हो म्हटलं तर बरं दिसेल का गं?"

"म्हण गं बाई," मी म्हटलं. "आधी हो म्हण!"