पाचवा टाक

“आलीस का गं? आता काय न्यायला आलीस?”

सगुणाबाईंनी बाजेवरूनच विचारलं. मी उंबऱ्यात उभी, अंगावर पांढरी साडी, हातात शिबिराची वही. त्यांची सून कौसल्या चहाचं आधण ठेवता ठेवता थांबली. केदारखेड्यातलं उपासिकांचं दहा दिवसांचं धम्म शिबिर उद्या संपणार होतं, आणि विहारापासून चार घरं सोडून असलेल्या या दारात यायला मला नववा दिवस उजाडावा लागला. भित्री मी! आणि गावोगाव बायकांना सांगत फिरते, निर्भय व्हा म्हणून.

“काही न्यायला नाही आले, आजी.”

“मंग बस. न्यायला काही उरलंबी न्हाई.”

अठरा वर्षांपूर्वी याच गावात मी पहिल्यांदा शिबिर घ्यायला आले. मी बेबीनंदा, नवीन जालन्यातली अंगणवाडी सेविका. धम्म शिकवणाऱ्या शिक्षिकेची परीक्षा नुकतीच पास झाले होते, अंगात नुसतं वारं शिरलं होतं. छप्पन्न सालापासून आपण बौद्ध, तरी कुणाच्या कोनाड्यात, कुणाच्या पेटीत जुने देव दडलेले असायचे. ते हुडकून काढणं हेच आपलं काम, अशी माझी पक्की समजूत. दुपारी शिबिर, संध्याकाळी घरोघर. किती देव्हारे रिकामे केले ते घरी जाऊन छाती फुगवून सांगायची. आमचे यजमान तातेराव म्हणायचे, “तुला धम्म सांगायला पाठवून राह्यले का झडती घ्यायला?” मी म्हणायची, तुम्ही गप बसा, तुम्हाला काय कळतंय त्यातलं.

सगुणाबाईंच्या घरात धान्याच्या कणगीमागे पत्र्याची डबी निघाली. आत पाच टाक. बोटाच्या पेराएवढे चांदीचे पत्रे, त्यावर ठसवलेले देव. मी तिथंच बावीस प्रतिज्ञा घडाघडा म्हणून दाखवल्या. चार टाक त्यांनी मुकाट्यानं माझ्या पदरात टाकले. पाचवा मुठीत धरला.

“हा ऱ्हाऊ दे, बाई. हा देव न्हाई.”

“सगळे असंच म्हणतात,” मी म्हणाले, आणि त्यांची बोटं एकेक करून सोडवली. त्यांनी ओढाताण केली नाही. शिकलेल्या बाईपुढं गरीब माणूस करत नाही. पाचही टाक रुमालात बांधून, गावातल्या बायकांना सोबत घेऊन मी ते पुलावरून नदीत सोडले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

दिवेलागणीला कौसल्या विहारात आली. तेव्हा ती नवी नवरी होती, डोक्यावरचा पदर ढळू न देणारी.

“ताई, ती माझी ननंद व्हती.”

“कोण?”

“त्या पाचव्या टाकावरची. अकरा वर्षांची असताना तापानं गेली. फोटो न्हाई, काही न्हाई. तिच्याच पायातले वाळे मोडून सासऱ्यांनी राजूरच्या सोनाराकडून तो टाक घडवून आणल्ता. आत्याबाई रोज सकाळी त्याच्यावरून नुसतं बोट फिरवायच्या. देवांत ठेवल्ता, कारण दुसरी जागा कुठं व्हती?”

दुसऱ्या दिवशी उजाडताच कौसल्याकडची चाळणी घेऊन मी नदीत उतरले. तीन दिवस गाळ चाळला. एक टाक हाती लागला, तो खंडोबाचा. ज्याला बुडवायला निघाले होते तोच वर आला, आणि पोर गेली ती गेलीच. तो टाक घेऊन दारात गेले, तर सगुणाबाईंनी दार लावून घेतलं.

शिबिरं मी सोडली नाहीत. खरं सांगू? सोडावीशी फार वाटली. पण करुणा हा शब्द मी परीक्षेपुरता पाठ केला होता. तो शिकायचा तर पुन्हा लोकांच्याच दारात जावं लागणार होतं. मग शहागडपासून भोकरदनपर्यंत कुठं कुठं फिरले, पण कुणाच्या कोनाड्याला हात लावला नाही. वरिष्ठ विचारायचे, “बेबीनंदाताई, प्रबोधन कमी पडतंय का?” मी म्हणायची, पडत असेल. पहिल्या दिवशी बायकांना एवढंच विचारायची, तुमच्या घरातलं कोण गेलं? त्याचं नाव सांगा. शेवटच्या दिवशी मेणबत्ती लावून ती नावं वहीतून वाचायची. बायका ढसाढसा रडायच्या, आणि मग आपणहून मन मोकळं करायच्या. फक्त केदारखेड्याची पाळी आली की काहीतरी निमित्त काढून दुसरीला पाठवायची. यंदा नाही काढलं. साठी जवळ आली, अजून किती पळणार?

कौसल्यानं चहा आणून ठेवला. मी कपाला हात लावला नाही.

“आजी, माझं चुकलं. मला माफ करा.”

“न्हाई.” सगुणाबाई शांतपणे बशीत चहा ओतत होत्या. “माफी मागू नको. ते माझ्याच्यानं होत न्हाई. रोज सकाळी अजून बोट फिरतं माझं. खाली काही लागत न्हाई.”

त्या घरात रडायचा हक्क मला नव्हता, म्हणून मी वही उघडली.

“तिचं नाव काय होतं?”

सगुणाबाईंनी बशी खाली ठेवली.

“अठरा वर्षं लागली व्हय गं तुला, नाव विचारायला?”

मग म्हणाल्या, “शेवंता. लिही. आन् उद्या वाचशील तर मोठ्यानं वाच. मला ऐकू कमी येतं.”

दुसऱ्या दिवशी दुपारी विहार भरला. सगुणाबाई कौसल्याच्या खांद्याला धरून आल्या आणि मागच्या भिंतीला टेकून बसल्या. उजवी मूठ मांडीवर घट्ट मिटलेली. त्रिसरण-पंचशील झालं, मेणबत्ती लागली. मी नावं वाचायला घेतली. अकरावं नाव आलं आणि माझा आवाजच फुटेना.

“शेवंता...”

“ऐकू न्हाई आलं,” मागून सगुणाबाई म्हणाल्या.

बायका माना वळवून बघायला लागल्या. मी पुन्हा म्हटलं.

“अजून न्हाई.”

आपल्यात शरण जायचं ते तीनदा म्हणतात. मी वही मिटली, त्यांच्याकडं बघितलं आणि छातीत होता नव्हता तेवढा आवाज काढला.

“शेवंता! सगुणाबाईंची लेक, शेवंता!”

तेव्हा कुठं त्यांनी मान हलवली. मूठ आपणहून सोडली. आत झेंडूचं एक फूल होतं, घामानं भिजलेलं. ते त्यांनी मेणबत्तीपाशी ठेवायला कौसल्याकडं दिलं. आता माझ्यासाठीही एखादा शब्द निघेल, अशी वेडी आशा मला लागली होती.

“थांबलीस का?” त्या म्हणाल्या. “पुढचं वाच. दुसऱ्याबी आया बसल्यात.”