पाठ टेकायची जागा

मित्रांनो, मी एक जुनं टेबल आहे. मी जेवणाचं टेबल नाही की लिहिण्याचंही नाही. माझ्यावर माणसं झोपली, कधी उताणी, कधी पालथी, कधी कुशीवर. आणि ती बहुतेक सगळी डॉक्टर होऊ पाहणारी होती.

अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरातल्या एका लहान गावात ऑस्टिओपॅथीचं कॉलेज आहे. तिथे शिकून निघालेले डॉक्टर औषधं देतात, टाके घालतात, सगळं करतात; शिवाय हातांनी पाठ, मान, बरगड्या चाचपून दुखणं शोधतात आणि आखडलेलं मोकळं करतात. हे शिकायचं तर एकाने झोपायचं आणि दुसऱ्याने हात लावायचा. त्यासाठी एमस लाइकिन्स नावाच्या सुताराने मला मेपलच्या लाकडातून घडवलं. माझे पाय त्याने मुद्दाम आखूड ठेवले, वर हिरवं रेक्झिन ताणून बसवलं, आणि निघण्याआधी स्वतःच माझ्यावर आडवा होऊन पाहिलं. मला लागलेली ती पहिली पाठ.

मग तीस वर्षं पाठीच पाठी. नवी मुलं लाजत झोपायची, गार हात लागले की हसायची. दुसऱ्या वर्षाचा वसंत आला की हसणं बंद व्हायचं. डॉक्टरकीच्या परवान्यासाठी द्यावी लागणारी बोर्डाची पहिली परीक्षा जवळ आलेली असायची. खांदे कानांपर्यंत चढलेले, जबडे आवळलेले. एकमेकांची मान सोडवता सोडवता ती नसांची नावं घोकायची. आमचे हेन्स्ली सर प्रत्येक तुकडीला सांगत, की आधी या बुटक्या टेबलावर शिका, म्हणजे मनगटापेक्षा अंगाचं वजन वापरायला शिकाल. ते ऐकून मला बरं वाटायचं.

पुढे हेन्स्ली सर निवृत्त झाले. पायाने कळ दाबली की वरखाली होणारी विजेची टेबलं आली, आणि मला तळघरातल्या अभ्यासाच्या खोलीत ढकललं गेलं. माझ्यावर पुस्तकांचे ढीग आले, कॉफीचे डाग आले. रेक्झिन फाटलं तिथे कुणीतरी चंदेरी चिकटपट्टी लावली. वाईट वाटलंच, पण खरं सांगायचं तर मला थकवाही आला होता.

तिथेच मला रोवेना स्टिल्टनर भेटली. वय बत्तीस. आधी आठ वर्षं तिने रुग्णवाहिकेवर काम केलं होतं. बोर्डाच्या पहिल्या परीक्षेत ती नापास झाली. जुलैत तिच्या वर्गातली सगळी मुलं निरनिराळ्या इस्पितळांत कामाला गेली आणि ती एकटी मागे राहिली. सप्टेंबरात दुसरी संधी होती. तीही हुकली तर कॉलेज नाव काढून टाकणार होतं.

सकाळी आठला ती माझ्यापाशी बसायची. संगणकावर चाळीस प्रश्न सोडवायचे, चुकलेले तपासायचे, पुन्हा चाळीस. तीच ओळ ती तीन-तीनदा वाचायची. तळव्यांनी डोळे दाबून धरायची. तिच्या कोपरांचं वजन दिवसेंदिवस वाढत गेलं, जसं काही डोकं मानेला पेलेनासं झालं होतं.

दर बुधवारी दुपारी तिचे वडील, व्हर्जिल, जेवण घेऊन यायचे. सत्तावीस वर्षं कोळशाच्या खाणीत काढलेला उंच माणूस. नाकात नळी, मागे प्राणवायूच्या नळकांड्याची छोटी गाडी. तळघराच्या पायऱ्या उतरताना दोनदा थांबायचे. शिजवलेला घेवडा आणि मक्याचा पाव माझ्या कडेवर मांडायचे. लेक हाडं दाबायला शिकते याची ते भारी थट्टा करत. एवढं दाबायचंच होतं तर घरी कणीक काय वाईट होती, असं विचारत.

ऑगस्टमधल्या एका बुधवारी रोवेनाचे डोळे इतके शिणले होते की ती प्रश्न मोठ्याने वाचत होती.

"त्रेसष्ट वर्षांचा पुरुष. सत्तावीस वर्षं कोळशाच्या खाणीत काम. चार पावलं चाललं की दम लागतो. छातीच्या फोटोत दोन्ही फुफ्फुसांत मोठे डाग. रुग्ण विचारतो, मी बरा होईन का? डॉक्टरने काय..."

ती थांबली. व्हर्जिलचा चमचाही थांबला होता.

"वय चुकवलंय त्यांनी," ते म्हणाले. "मी चौसष्टचा आहे. पर्याय वाच."

"राहू द्या बाबा. दुसरा घेते."

"वाच म्हणतो ना, पोरी."

तिने चारही पर्याय वाचले. आवाज खाली खाली जात होता.

"मग? बरोबर कुठला?"

तिने पडद्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "तिसरा. झालेलं नुकसान भरून येणार नाही. त्रास कमी करायचा प्रयत्न करू."

व्हर्जिलनी पावाच्या तुकड्याने वाडगा पुसून घेतला. "इतकी वर्षं डॉक्टर गोल गोल बोलतात माझ्याशी," ते म्हणाले. "आता उत्तर लाव. माझ्याकडे बघून कोण गुण देणार आहे तुला?"

तिने उत्तर लावलं. बरोबर आलं. आणि तिने संगणक मिटला. आपण परीक्षेला बसणार नाही, रुग्णवाहिकेवर परत जाऊ, असं ती माझ्या रेक्झिनकडे बघत म्हणाली. व्हर्जिलनी समजूत घातली नाही. सर्वांत कच्चं काय आहे, एवढंच विचारलं. बरगड्या, ती म्हणाली. सराव करायला माणूसच उरलेला नाही.

ते उठले आणि माझ्यावरची पुस्तकं उचलू लागले. दोन पुस्तकं, मग श्वास, पुन्हा दोन पुस्तकं. ती मदतीला उठली तर हातानेच बस म्हणाले. मग दोन उशा घेऊन ते माझ्यावर टेकले. एवढा उंच माणूस, पण किती हलका लागला मला!

रोवेनाने बाजूला बसून दोन्ही हात त्यांच्या पाठीखाली सरकवले आणि बोटांनी बरगड्या एकेक करून वर उचलू लागली. तिची बोटं सुरुवातीला घाबरलेली होती. व्हर्जिलचा श्वास आखूड, मध्येच अडकणारा. दहाएक मिनिटांनी एक श्वास लांब आला. मग आणखी एक. माझ्या फळ्यांना तो कळला आणि तिच्या बोटांनाही. व्हर्जिल झोपी गेले. तिने हात काढले नाहीत. ते बधिर होईपर्यंत तशीच बसून राहिली. त्या दिवशी पुढचे प्रश्न झाले नाहीत.

नंतर ते सोमवारीही येऊ लागले.

सप्टेंबरात शहरातल्या केंद्रात दिवसभराची परीक्षा झाली. ऑक्टोबरात निकाल आला तेव्हा बाप-लेक दोघंही तळघरात होती. पडद्यावर गुण नव्हते, फक्त 'पास' एवढंच लिहिलेलं होतं. तिने ते दोनदा वाचलं, आणि बुटांसकट माझ्यावर आडवी झाली. ती माझ्यावर झोपल्याची ती पहिलीच वेळ.

"काय होतंय?" व्हर्जिलनी विचारलं.

"पाठ दुखते, बाबा."

त्यांनी खुर्ची ओढली, आणि कोळशाचे निळे व्रण असलेली जाड बोटं तिच्या पाठीखाली घातली. "कुठे धरू?"

"लागतील तिथे धरा."

त्यांनी धरलं ते सगळं चुकीचं होतं. रोवेना मात्र तेवढ्यात झोपून गेली होती.

व्हर्जिल त्यानंतर दोन हिवाळे जगले. रोवेना आता डोंगरापलीकडच्या दवाखान्यात डॉक्टर आहे. मी अजून तळघरात आहे, पुस्तकांखाली.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणी परीक्षेसाठी वाचत बसलं असेल. किती झालं, किती राहिलं, हे त्याला विचारू नका. त्याला पाठ टेकायला जागा करून द्या. झोप लागली तर हाक मारू नका.