निवांतबाबांची समाधी

वादळाने विजेचे खांब आडवे केले आणि वस्तीतली वीज गेली ती परत यायचं नाव घेईना. त्या अंधारात एकच जागा लखलखत होती, ती म्हणजे निवांतबाबांचं तळघर. तिथे दिवे होते, पंखा होता, मोबाइल लावायला बोर्डांची रांग होती आणि या सगळ्यावर कडी म्हणजे समाधी होती. लोक मोबाइल चार्ज करायला खाली उतरत आणि तासाभराने मोबाइल भरलेला, माणूस रिकामा, अशा अवस्थेत वर येत.

बाबा पूर्वी गाद्या विकायचे. माणसाला आडवं करण्याचा त्यांचा अनुभव तसा दांडगा. तळघर हे त्यांचंच जुनं गोदाम. भिंतींना जाड फोम, खिडकी एकही नाही, जिन्याच्या तोंडाशी लोखंडी शटर. जनरेटर आतल्या मोरीत, कारण बाहेर ठेवला तर चोर उचलतील. धुराचा वास येऊ नये म्हणून भरपूर धूप. बैठक सुरू झाली की शटर खाली यायचं, फक्त बाबांच्या आसनाशेजारी वीतभर फट राहायची.

"दाराशी मी बसतो," बाबा सांगत. "बाहेरच्या जगाची झळ आधी मला लागू दे."

लोकांचे डोळे भरून येत. काही भक्तीने, काही धुपाने.

वस्तीतल्या काकू पहिल्यांदा गेल्या त्या निव्वळ मोबाइलसाठी. मुलगी सरकारी इस्पितळात डॉक्टर, तिचा फोन लागला नाही की ती घाबरते म्हणून. एरवी काकूंना कशाचंच काही वाटत नव्हतं. यजमान जाऊन वर्ष होत आलं होतं. दूध उतू गेलं तर त्या उभ्या राहून बघत. मुलीने "आई, जेवलीस का?" विचारलं की आठवावं लागे. रडू आलं नव्हतं, आणि आलं नाही याचंही काही वाटलं नव्हतं.

"डोकं जड झालं?" बाबा संथपणे विचारत. "अहंकार निघतोय. मळमळतंय? पाप वर येतंय. हातापायातलं बळ गेलं? उत्तम! आता तुम्ही तुमचे राहिला नाहीत, माझे झालात."

काकूंचा उजवा खांदा जड झाला. यजमान टीव्ही बघताना तिथेच हात ठेवायचे. त्यांनी मान वळवली तर ते शेजारी बसलेले. बनियनवर, चष्मा कपाळावर. बोलले काहीच नाहीत, पण ते तसंही फार बोलत नसत.

दुसऱ्या दिवशी काकू मोबाइल घरीच विसरून गेल्या. नंतर रोज जाऊ लागल्या. घरी आल्यावर डोकं ठणकायचं, उलटी व्हायची. त्याचंही काही वाटत नव्हतं.

मग एका दुपारी बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजर समाधीतून उठलेच नाहीत. बाबा म्हणाले, "केवढा अधिकार! पहिल्या आठवड्यात एवढी खोल!" पण मॅनेजरीणबाईंना नवऱ्याचा अधिकार माहीत होता. त्यांनी आरडाओरडा करून शटर उघडायला लावलं आणि रिक्षात घालून नवऱ्याला इस्पितळात नेलं. तिथे ड्यूटीवर काकूंचीच मुलगी. तिने ऑक्सिजन लावला, रक्त तपासलं आणि दुसऱ्या दिवशी ती थेट तळघराच्या जिन्यावर येऊन उभी राहिली. खाली पहिल्या रांगेत आई बसलेली.

"सगळे आधी वर या. मॅनेजरकाका वाचले, पण थोडक्यात. त्यांच्या रक्तात जनरेटरच्या धुरातला विषारी वायू सापडलाय. त्याला ना रंग ना वास. रक्तात प्राणवायूची जागा तोच अडवून बसतो. डोकं जड होणं, मळमळ, भास, सगळं त्याचंच."

"पोरी," बाबा हसले, "रक्तात भक्ती दिसत नाही तुमच्या यंत्राला."

"बरं. मग जनरेटर वर मोकळ्या जागेत, दारांपासून लांब ठेवू. आधी तळघरातली हवा चांगली खेळती करू. बाकी धूप तोच, शटर तसंच, बाबाही तेच. लावा समाधी."

"जनरेटर बाहेर राहिला तर चोरीला जाईल!"

"मी बसते त्याच्याजवळ," डॉक्टरबरोबर आलेल्या मॅनेजरीणबाई म्हणाल्या. त्यांच्याकडे बघून चोरानेही विचार बदलला असता.

बाबांना माघार घेता येईना. हवा खेळवून झाल्यावर बैठक सुरू झाली. कोणाचंही डोकं जड होईना. पंधरवड्यात पहिल्यांदाच लोकांना बाबा काय बोलतात ते नीट ऐकू येऊ लागलं. हा फार वाईट अनुभव होता.

"आत्मा ही एक गादी आहे..." बाबा म्हणाले.

"कोणती गादी?" रोज येणाऱ्या एका ड्रायव्हरने विचारलं. "कापसाची का फोमची?"

बाबा घामाघूम झाले. कोणी जांभई दिली, कोणी पाय खाजवले, दोघांचं पार्किंगवरून भांडण लागलं. काकू उजव्या बाजूला बघत राहिल्या. तिथे फक्त फोमची भिंत होती.

"म्हणजे ते आले नव्हते?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही, आई."

"थोडं खोटं बोलली असतीस तर चाललं असतं."

"मग उद्या तू परत आली असतीस."

मुलगी बाबांकडे वळली. "शटर उघडं राहिलं की समाधी लागत नाही, हे तुमच्या लक्षात आलं होतं ना? म्हणूनच तुम्ही फटीपाशी बसता."

बाबांनी डोळे मिटून घेतले. या वेळी ती समाधी नसल्याचं सगळ्यांना कळलं.

तरीही ड्रायव्हर कुजबुजला, "डॉक्टर, पण बरं वाटायचं हो. जनरेटर थोडाच वेळ आत आणला तर?" तिघाचौघांनी माना डोलावल्या. या प्रश्नाला इस्पितळात औषध नव्हतं.

तेव्हा काकू उठल्या. आवाजात चढ नाही, उतार नाही, जणू किराणा सांगतायत.

"वीज गेली की जनरेटर बाहेर ठेवायचा. बाल्कनीत नाही, जिन्याखाली नाही, खिडकीपासूनही लांब. कोळशाची शेगडी बंद खोलीत पेटवायची नाही. बसल्या बसल्या सगळ्यांचं डोकं एकदम दुखायला लागलं तर आधी मोकळ्यावर यायचं आणि डॉक्टर गाठायचा. कोणी त्याला कृपा म्हणालं तर तो कुठे बसलाय ते बघायचं."

"काकू, तुम्ही तरी असं बोलू नका," ड्रायव्हर कळवळला. "तुम्हाला तर यजमान भेटायचे."

"भेटायचे," काकू म्हणाल्या. "आणखी दोनदा बसले असते तर त्यांच्याकडेच राहायला गेले असते."

मग ड्रायव्हर उठला आणि त्याने शटर पूर्ण वर ढकललं.