करुणाची पात

"करुणा, धुऱ्यावरच बस वो! पडशीन ना चिखलात," कैलाश ओरडला. तोवर त्याच्या बायकोनं पदर खोचून धुऱ्याच्या बांधावरून खाली, धानाच्या चिखलभरल्या बांधीत पाय टाकलाही होता.

कोंढ्याच्या शिवारात रोवणी चालू होती. बायका ओळीनं वाकून, गाणं म्हणत, मागं मागं सरकत धानाची कोवळी रोपं, परे, लावत होत्या. प्रत्येकीच्या वाट्याला आलेला पट्टा ही तिची पात. ती तिनंच भरायची. दोन वर्षांपूर्वी या कामात करुणाचा हात धरणारी कुणी नव्हती. मग एका तापानंतर तिचे डोळेच नाचायला लागले. बुबुळं क्षणभर ठरेनात, पाय दारू प्यायल्यासारखे पडू लागले. गावानं आधी अंगारे लावले. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं, रोगाशी लढणारी अंगातली शक्तीच चुकून मेंदूवर उलटली आहे. लाखांत एखाद्याला होतं असं. औषधांनी बराच उतार पडला. पण दमली की सारं जग झुल्यावर बसायचं, आणि घरात तिला कुणी पाण्याचा गुंड उचलू देत नव्हतं. त्या लाडाचा तिला वीट आला होता.

चिखलात मात्र गंमतच झाली. गाळानं पाय असे धरून ठेवले, की त्यांना डगमगायला जागाच उरली नाही. पाण्यात आभाळ उतरलं होतं. सगळ्यांच्या पावलांनी ते हलत होतं, ढग हलत होते, झाडं हलत होती. आज हलणारं जग तिच्या एकटीचंच नव्हतं. तिला फार बरं वाटलं. किती वेळ गेला कोण जाणे, ती आपली आभाळात परे खोचत राहिली.

मागं सरकताना टाचेला काहीतरी लागलं. तिनं वळून पाहिलं. तिच्या पातीत आधीच परे लावलेले होते. शेजारची पुष्पाबाई गुपचूप हात लांबवत होती.

"काकी, माह्या पातीत कायले हात घालून राहिल्या?"

"अवो, तू मागं पडून राहिली. तेवढाच तुले आराम."

"आराम करू करू जीव विटला माहा. माही पात मले द्या!"

पुष्पाबाई एरवी कुणाचं ऐकून घेणारी नव्हे. तिनं करुणाच्या थरथरत्या डोळ्यांकडे पाहिलं. मग वाकून आपण लावलेले परे उपटले, पाण्यात खळबळले आणि जुडी तिच्या हातात दिली.

"लाव बाई. आमी थांबतो."

गाणं थांबलं. कंबरा सरळ करून बायका चिखलात उभ्या राहिल्या. करुणा वाकली आणि एकेक परा वाकडातिकडा लावत त्यांच्यापर्यंत मागं येऊ लागली. कुणी घाई केली नाही.