चौथा रकाना

मित्रांनो, माझ्या पाठीवरचं कापड विटलंय, दोन कोपरे दुमडलेत आणि चौदाव्या पानावर चहाच्या कपाचं गोल बूड उमटलंय. तरी मला रद्दीत टाकायची घाई करू नका. मी एक जुनी वही आहे आणि मला बोलायची भारी हौस आहे.

माझा जन्म छापखान्यातला. तिथल्या बाइंडरने उरल्यासुरल्या कागदांची जुळणी केली, जाड दोऱ्याने शिवण घातली आणि दोन दिवस मला दाबाखाली ठेवलं. छापण्याआधी मजकुरातल्या चुका शोधणारे मुद्रितशोधक निवृत्त होत होते. मी त्यांची निरोपाची भेट. "आता घरच्यांच्या चुका काढत बसा," असं म्हणत बाइंडरने मला त्यांच्या हातात ठेवलं.

घरी मुद्रितशोधक सगळ्यांचे आबा होते. मुलगा, सून आणि नववीतली नात, एवढं घर. नातीला ते लाडाने ठमी म्हणत. एकदा जेवताना ठमी म्हणाली, "आबा, तू लोड घेऊ नको. आजची भाजी म्हणजे विषय हार्ड!" आबांचा घास हातातच राहिला. अख्खी नोकरी शब्दांत घालवलेला माणूस, आणि घरच्याच पोरीचं बोलणं डोक्यावरून गेलं! त्याच दिवशी त्यांनी मला उघडलं आणि पट्टीने तीन रकाने आखले. शब्द, अर्थ, वाक्य.

मग काय विचारता! माझे दिवस पालटले. "लोड घेणे: काळजी करणे." "विषय हार्ड: अतिउत्तम. विषय सोपा असला तरी." "पोपट होणे: फजिती होणे. पक्ष्याचा संबंध आढळला नाही." "कल्टी मारणे: न सांगता निघून जाणे. विशेषतः अभ्यासाच्या वेळी." लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसाकडून त्यांनी "नादखुळा", म्हणजे भन्नाट, मिळवला आणि त्याच्यापुढे चहा ठेवून तीन उदाहरणं वदवून घेतली. "क्रिंज" मात्र ठमीनेच समजावला. "म्हणजे बघ आबा, नाचतोस तू आणि लाज मला वाटते!" आबांनी ते वाक्य तस्संच्या तस्सं उतरवून घेतलं. दोघं पोट धरून हसली. पाहुणे आले की मला बाहेर काढलं जाई, माझी वाचनं होत. मी फुगून गेले होते, खोटं कशाला बोलू?

पण आबांना छापखान्याची एक सवय होती. तिथे पहिल्याच दिवशी शिकवत, मजकुरात गुंतायचं नाही. गोष्ट वाचू लागलात की चुका सुटतात. डोळ्यांनी फक्त अक्षरं बघायची. आबांनी हे आयुष्यभर पाळलं आणि घरातही तेच केलं. ठमी फोनवर मामेबहिणीशी, तिच्या ताईशी, बोलत असली की ते कोपऱ्यात पेन्सिल घेऊन बसत. एका दुपारी त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, "घोस्ट करणे: एखाद्याशी बोलणे अचानक, कारण न सांगता बंद करणे. वाक्य: सगळ्यांनी मला घोस्ट केलंय गं, ताई. मी डबा एकटीच खाते." खाली तारीख घातली, स्वल्पविराम तपासला आणि मला मिटून टाकलं.

मित्रांनो, ते वाक्य माझ्या पोटात होतं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण वहीला तोंड कुठलं?

अडीच महिन्यांनी ठमीने मला सहज उघडलं. हसत हसत पानं उलटताना ती त्या पानावर थांबली आणि तिचा चेहरा पडला.

"आबा, हे तू ऐकलं होतंस?"

"हो. चांगला शब्द मिळाला. अर्थ बरोबर आहे ना?"

"अर्थ बरोबर आहे," ठमी म्हणाली. तिने त्या ओळीवर बोट ठेवलं. "ऐकलंस, लिहिलंस, तारीखसुद्धा टाकलीस. आणि मला एका शब्दाने विचारलं नाहीस?"

त्या दिवसापासून ती आबांशी पुस्तकासारखं बोलू लागली. "आपण चहा घेणार का?" "आपले औषध टेबलावर ठेवले आहे." शब्दन् शब्द शुद्ध, चुकीची एकही खूण करायला जागा नाही. आबांना ते शुद्ध बोलणं सोसवेना. मला त्यांनी कपाटावर, बॅगेखाली टाकलं. धूळ बसली, कसर लागली. नातीला आपण गमावलं, या विचाराने ते खंगत चालले होते.

एका सकाळी त्यांनी मला खाली काढलं, पुसलं आणि पहिल्या पानापासून वाचू लागले. या वेळी मात्र ते मजकुरात गुंतले. "एकटीच खाते"पाशी आले आणि ते वाक्य त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग पेन घेऊन त्यांनी नवीन पानावर लिहिलं, "कोरा: छापखान्यात नवा आलेला माणूस. वाक्य: त्या कोऱ्याला जेवायला बोलवू नका रे." आणि त्याखाली, "तो कोरा मी होतो. चार महिने कागदाच्या गठ्ठ्यांमागे बसून डबा खाल्ला. शेवटी बाइंडरने विचारलं, म्हणून टिकलो. ठमे, मी तुला विचारलं नाही. चुकलो."

शेवटी त्यांनी पट्टी ठेवून चौथा रकाना आखला, त्यावर "विचारलं का?" असं लिहिलं आणि मला ठमीच्या दप्तरावर ठेवलं.

शाळेतून आल्यावर ठमी मला हातात घेऊन त्यांच्या शेजारी येऊन बसली. "चार महिने, आबा? तू रडायचास?"

"रडायचो की. तू?"

मग ती बोलत राहिली, आबा ऐकत राहिले. पेन्सिल खिशातच होती. शाळेतल्या पोरींना आबा बदलू शकले नाहीत, पण रोज चार वाजता, ती शाळेतून आली की, "आज डबा कुणाबरोबर खाल्लास?" असं ते विचारू लागले.

आता मी म्हातारी झालेय. मित्रांनो, मला कव्हर घाला, वाळवीपासून जपा, एवढं मागणं आहेच. पण त्याहून मोठं मागणं असं, की माझ्यासारखी वही धरलीत तर चौथा रकाना कोरा सोडू नका. माझ्या शेवटच्या पानावर आबांचं अक्षर नाही, ठमीचं आहे. त्यानंतरच्या वर्षीच्या जूनमधलं.

"कोरी: वर्गात नवी आलेली मुलगी. वाक्य: ए कोरे, तिकडे एकटी काय बसलीस, डबा घेऊन इकडे ये. विचारलं का? हो आबा, पहिल्याच दिवशी."