विठूकाकांचा श्वास

"श्वास सोडा, काका," मी माइकवरून तिसऱ्यांदा सांगितलं. एमआरआयच्या आत विठूकाका ढिम्म.

पंधरा सेकंद श्वास रोखायचा, मग मोकळा घ्यायचा, एवढंच त्यांचं काम. त्यावरून मेंदूतल्या गाठीत ऑक्सिजन किती पोहोचतो ते कळतं. आमच्या रत्नागिरीत ही तपासणी नवीन, त्यामुळे सकाळपासून मीच धास्तावलेली. दीड मिनिट झालं आणि माझा धीर सुटला. धावत जाऊन मी त्यांना बाहेर घेतलं. काका सावकाश श्वास सोडत म्हणाले, "एवढ्यात काढलंस, बाय? अजून दम होता."

हर्णे बंदरात तीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. बोटीच्या पंख्यात जाळं गुरफटलं की दातांत सुरी धरून खाली जायचं. वर बोटीवरची माणसं आकडे मोजायची. शंभराच्या आत आमचा माणूस कधी वर आला नाही, असं त्यांची बायको, काशीकाकू, मघाशी मला कौतुकाने सांगत होती. आता त्यांच्या उजव्या हातात सुरी राहत नाही.

"सोडा म्हटल्यावर सोडायचा ना," मी चिडलेच.

"मुद्दामच नाय सोडला. गाठीला ऑक्सिजन लागतो, असं डॉक्टर बोलले. म्हटलं, मी काय, राहीन. तिला नाय जमायचं. गुदमरून मरंल."

"काका, उलट आहे ते. जिथे ऑक्सिजन कमी, तिथे रेडिएशनचा शेक दिला तरी लवकर लागू पडत नाही. गाठ आणखी चिवट होते."

ते छताकडे बघत म्हणाले, "म्हंजे ती पण बुडी मारून बसल्येय."

दुसऱ्या खेपेला त्यांनी सांगितलं तसं निमूट केलं. चित्रं आली. गाठीचा मधला बराचसा भाग ऑक्सिजनवाचूनच जगत होता. ते सांगायचं काम डॉक्टरांचं, म्हणून मी तोंड मिटून बसले, पण फार वाईट वाटलं.

दुपारी डबा खायला निघाले, तर दोघं बाहेर बाकावर बसलेली. काका छाती भरून श्वास घेत होते, सोडत होते, पुन्हा घेत होते. नुसत्या श्वासाने गाठीच्या आतपर्यंत काही पोहोचणार नव्हतं. तेवढं सांगावं म्हणून मी जवळ गेले.

काशीकाकू शेजारी बसून बोटांच्या पेरांवर त्यांचे श्वास मोजत होती. मी आल्या पावली परत फिरले.