फ्लेक्सवरचा हात

धाडच्या बसस्टँडसमोर लागलेल्या फ्लेक्सवर सतरा चेहरे होते. खालच्या दोन ओळींत गोल चौकटींमधले चौदा शुभेच्छुक, वरच्या दोन कोपऱ्यांत हात जोडलेले दोन पुढारी, आणि मधोमध, बाकी सोळा एकत्र केले तरी उरेल एवढा मोठा, दीपक. त्याच्या डोक्यावर मुकुट एक, पायाशी रंगीत चेंडू नऊ, बाजूला एक तुटलेली बेडी. बेडीच्या वर लाल अक्षरांत ‘जेल रिटर्न किंग परत आला’ आणि खाली रविवारच्या पूल स्पर्धेची वेळ.

दीपकने खालून दोनदा मोजलं. मोठ्या फोटोत माणूस एक होता आणि हात तीन होते.

दोन हात त्याचे स्वतःचे, स्टिकवर. तिसरा त्याच्या डाव्या खांद्यावर होता. तो मनगटापर्यंतच होता, त्यापुढे निळं आकाश सुरू व्हायचं. करंगळीशेजारच्या बोटात तांब्याची अंगठी होती.

“नौमान, हा हात काऊन ठेवला?”

नौमान शिडीवर उभा राहून तार आवळत होता. गावात पूलचं टेबल आणणारा तो पहिला. वय सव्वीस, डोळ्यांवर गॉगल, आणि फ्लेक्सवरच्या चौदांतही गॉगलच.

“कोनता हात?” त्याने वाकून पाहिलं. “हा होय! डिझायनरकडून राहिला असन. बाजूचा माणूस कापला त्यानं. कोन पाह्यते, भाऊ?”

“फोटो कुठून आणला?”

“तुमच्याच जुन्या फेसबुकवरून. अजून चालू हाये ते. काय दिसता यार, एकदम हिरो!”

“उतरव हा.”

“हां?”

“फ्लेक्स उतरव. नाई तं तेवढ्या हातावर काही तरी चिकटव.”

नौमान हसला. “चिकटवतो ना. एक शुभेच्छुक राहूनच गेला, घरी रुसून बसला. त्याचं थोबाड तिथं बरोबर बसते.”

“मस्करी नाई करून राह्यलो. आज बाजार हाये.”

“बाजार हाये म्हून तं आज लावला! जालन्याहून पोरं येऊन राह्यली, काहाले? माह्या क्लबातला पंखा पाहाले? ‘जेल रिटर्न’ पाहाले येऊन राह्यली. तुमचा गेम पाहाले.” तो शिडीवरून उतरला, हात झटकले आणि आवाज खाली आणला. “रविवार होऊ द्या, भाऊ. सोमवारपासून क्लब तुमच्या ताब्यात. पोरायले शिकवा, टेबल सांभाळा. वामनरावच्या दुकानात पोते किती दिवस उचलता?”

शिडी तिथेच खांबाला टेकवून तो चहाच्या टपरीकडे गेला.

दीपकला ते काम हवं होतं. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं.

पूलच्या टेबलावर पोट भरणारा माणूस या भागात त्याच्याआधी कोणी नव्हता. जालना, अकोला, औरंगाबाद, जिथे स्पर्धा असेल तिथे तो एसटीने जायचा आणि बहुतेक वेळा जिंकून यायचा. त्याच्या स्टिकची लांब पिशवी प्रज्वल धरायचा. प्रज्वल जवळच्याच खेड्यातला, शेषराव आणि रुक्मिणीबाईंचा एकुलता एक. दीपककडून खेळ शिकता शिकता तो त्याचा मित्र झाला होता. फ्लेक्सवरचा फोटो २०१४ सालचा, जालन्याची स्पर्धा जिंकली त्या दिवशीचा. मूळ फोटोत ते दोघं होते.

त्याच महिन्यात बुलढाण्याच्या एका क्लबात शेवटचा काळा चेंडू भोकाच्या तोंडाशी होता आणि दीपकच्या हातून तो चुकला. लहान पोरानेही घातला असता. सगळे गप्प राहिले. प्रज्वल हसला. दीपकने स्टिक उलटी धरली आणि जाड बाजूने मारली. एकदाच, कानाच्या वर. प्रज्वल खाली बसला, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत त्याला ते धरता येईना. दवाखान्याच्या रस्त्यावर तो गेला.

कोर्टाने त्याला खून म्हटलं नाही, सदोष मनुष्यवध म्हटलं. दहा वर्षांची शिक्षा झाली, सूट धरून साडेसात भोगावी लागली. का मारलं, या प्रश्नाला दीपककडे दोन शब्दांचं उत्तर होतं: तो हसला. फ्लेक्सवर त्याच्या हातात होती ती स्टिक खटल्यात मुद्देमाल क्रमांक चार होती.

अमरावतीच्या जेलात पहिली काही वर्षं त्याला फरशी आणि भिंत यांच्यात कोन दिसायचे. इथून मारला तर तिथे लागेल, तिथून इकडे वळेल. मग ते दिसायचे थांबले. थांबले याचं त्याला बरं वाटलं होतं. पण गेल्या महिन्यात नौमानने त्याला क्लबात नेलं, हातात स्टिक दिली, आणि पहिल्याच फटक्यात तीन चेंडू भोकांत गेले. हाताला मधल्या वर्षांचं काहीच माहीत नव्हतं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. एकाने सोबत सेल्फी काढला आणि विचारलं, “भाऊ, एकाच फटक्यात गेला होता का तो?” घरी येऊन दीपक जेवला नाही. तरी दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला.

एरवी दिवसभर तो बसस्टँडसमोरच्या वामनरावांच्या भुसार दुकानात असायचा. पोती उचलायची, तोंडं शिवायची, मक्याचा ओलावा मोजायचा. ओलाव्याचं मीटर टिफिनच्या डब्याएवढं. भांड्यात दाणे भरायचे, झाकण आवळायचं, बटण दाबायचं. दाण्यांतून वीज किती सहज जाते त्यावरून आत पाणी किती आहे ते कळतं. चौदा टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्याच्या वर गेला की कापायचा. झाकण अर्धा फेरा कमी आवळलं की आकडा खाली येतो, हे दुकानात वामनराव आणि दीपक या दोघांनाच माहीत होतं. दीपकने आकडा कधी कोणासाठी खाली आणला नव्हता, आणि भाव कापायला म्हणून वरही नेला नव्हता. म्हणून शेतकरी म्हणायचे, मीटर दीपकलाच लावू द्या.

फक्त शेषरावांचा माल आला की मीटर वामनराव लावायचे आणि दीपक मागच्या खोलीत पोती रचायला जायचा. असं ठरलेलं नव्हतं. पहिल्या वर्षी तसं झालं आणि मग तसंच होत राहिलं.

दहाच्या सुमाराला जीप आली. दीपक दुकानाच्या ओट्यावर पोत्याचं तोंड शिवत होता. आधी शेषराव उतरले आणि खाली बघत चालू लागले. ते नेहमीच खाली बघत चालायचे. मागून रुक्मिणीबाई उतरल्या, डोक्यावर रिकामी टोपली. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या आणि दिसेल ते पुटपुटत वाचायची त्यांना सवय होती.

“जे-ल… रि-ट…”

दीपकने सुतळी कापायचा विळा उचलला आणि रस्ता ओलांडून धावला. शिडी होती तिथेच होती. तो चढला. वरची डावी तार त्याने पिळून सोडवली, तसा एक पुढारी मान टाकून लोंबकळला. उजव्या बाजूची सुतळी त्याने विळ्याने कापली.

“ओ भाऊ!” नौमान चहाचा कप घेऊनच धावत आला. “पागल झाले काय बे? पैशे लागले त्याले! चौदा जनाचे फोटो हायेत त्यात!”

फ्लेक्स अर्धा खाली आला, पण मधल्या बांबूला अडकला. खांद्यावरचा हात आता बरोबर रुक्मिणीबाईंच्या डोळ्यांसमोर होता. दीपकने विळ्याचं टोक कापडात खुपसायला हात उचलला.

“फाडू नको.”

त्याचा हात थांबला.

“सारा उतरव,” रुक्मिणीबाई म्हणाल्या. “नीट उतरव.”

त्याने बांबूच्या गाठी एकेक करून सोडल्या. फ्लेक्स घसरला आणि धुळीत पडला. बाजाराला आलेली माणसं थांबली. रुक्मिणीबाई टोपली बाजूला ठेवून उकिडव्या बसल्या. घडी उलटली, पदराने धूळ पुसली, आणि चेहरा अगदी खाली नेऊन त्या बोटांकडे बघत राहिल्या.

“चाल वं,” शेषराव म्हणाले. “लोकं पाहून राह्यले.”

“पाहू द्या. मुंदी म्या घातली होती. उन्हाळ्यात नाकातून रक्त यायचं त्याच्या.” त्यांनी अंगठीवर बोट ठेवलं. “कासारानं पयले ढिली दिली होती. मंग दाबून आनली.”

नौमानने गॉगल काढला. तो एकदा त्यांच्याकडे आणि एकदा शिडीवरच्या दीपककडे बघत होता. कप त्याच्या हातात तिरका झाला होता.

“काकू, मले मालूम नव्हतं,” तो म्हणाला. “अल्ला कसम, मले मालूम नव्हतं.”

“तुले काय मालूम असन, बाबू? तू केवढा होता तवा.” त्या उठल्या. “हे नेतो मी. मका वाळवाले ताडपत्री नाई आमच्याकडं. देतं का?”

“न्या ना, काकू. न्या.”

त्यांनी आणि शेषरावांनी दोन बाजू धरून फ्लेक्सची घडी घातली, चेहरे आत करून. दीपक शिडीच्या सहाव्या पायरीवर तसाच होता. पूर्वी तो त्यांना काकू म्हणायचा, त्यांच्या हातची भाकर त्याने कितीदा खाल्ली होती.

रुक्मिणीबाईंनी घडी टोपलीत ठेवली, टोपली डोक्यावर घेतली. जाता जाता, वर न बघता, त्या म्हणाल्या, “खाली उतर. पडशीन.”

गर्दी पांगल्यावर नौमानने शिडी खांबापासून सुटी केली.

“रविवारचं राहू द्या, भाऊ. तुमच्याविना होईन. शुभेच्छुकायले काय तोंड दाखवू आता?”

“सोमवारचं?” दीपकने विचारलं.

नौमानने शिडी खांद्यावर घेतली आणि क्लबाच्या दिशेने निघाला. बोळात वळताना ती मागून भिंतीला लागली. संध्याकाळी त्याच जागेवर नवा, लहान फ्लेक्स लागला. त्यावर जालन्याचा एक खेळाडू होता. गोल चौकटींत आता पंधरा जण होते.

पुढचे काही दिवस आभाळ भरून येत राहिलं. पाऊस पडला नाही, पण ऊनही तापलं नाही. दुकानात येणारा मका जड होता. दीपक आकडे सांगायचा, पंधरा, सोळा, साडेपंधरा, आणि शेतकरी मीटरकडे बघून आईबहीण काढायचे. क्लबातून चेंडू आपटल्याचे आवाज दुकानापर्यंत ऐकू यायचे. तो तिकडे गेला नाही, आणि बोलवायलाही कोणी आलं नाही.

पुढच्या आठवड्याच्या बाजाराला दुकानासमोर मालाची रिक्षा थांबली. मागे शेषराव बसले होते, ड्रायव्हरशेजारी रुक्मिणीबाई. पोत्यांवर फ्लेक्स झाकलेला होता, पांढरी बाजू वर.

दीपक उठला आणि मागच्या खोलीकडे वळला.

“कुठं जातं?” रुक्मिणीबाईंचा आवाज आला. “मीटर तू लाव.”

“मी लावतो ना, बाई,” वामनराव घाईने म्हणाले. “तुमचा माल मीच पाह्यतो दरसाल.”

“नाई. साऱ्या गावाले त्याच्या हातचं पाह्यजे, मंग आमाले काऊन नाई? त्यालेच लावू द्या.”

वामनरावांनी दीपककडे पाहिलं आणि मीटर टेबलावर ठेवलं.

दीपक पोती उतरवायला गेला. त्याने फ्लेक्स ओढला तसा तो उलटला. मक्याच्या धुळीने सतराही चेहरे पिवळे झाले होते. मुकुट होता, बेडी होती, त्याचा चेहरा होता. डाव्या खांद्याच्या जागी चौकोनी भोक होतं. कडा सरळ होत्या, कात्रीने कापलेल्या. भोकातून खालचं पोतं दिसत होतं.

त्याने फ्लेक्सची घडी घालून रिक्षात परत ठेवली.

शेषरावांनी पोत्यातून एक दाणा काढून दाढेखाली धरला. “वाळला हाये, वामनराव. पाहा, कसा वाजला. आठ दिस सारखा उलथा-पालथा केला हिनं. रातच्याले झाकून ठेवला.”

“वाजला तं खरा,” वामनराव म्हणाले.

दीपकने तीन पोत्यांतून मूठ मूठ मका काढला, सुपात एकत्र केला, काडीकचरा फुंकून घालवला. भांडं भरलं. वरचे जास्तीचे दाणे बोटाने सपाट केले. वामनराव त्याच्याकडेच बघत होते. त्यांनी एकदा झाकणाकडे पाहिलं, मग दीपकच्या डोळ्यांकडे, आणि राहू दे सैल, अशी मान किंचित हलवली.

रुक्मिणीबाई टेबलाजवळ आल्या. इतक्या जवळ त्या कोर्टातही आल्या नव्हत्या.

“ऐक,” त्या म्हणाल्या. “मले पाहून कमी सांगू नको. जे असन तेच सांग. तुह्या हातचा एक दानाही मले फुकट नको.”

दीपकने झाकण लावलं. फिरवलं. शेवटी जिथे ते घट्ट व्हायला लागतं तिथे त्याची बोटं थांबली. मग त्याने उरलेला अर्धा फेरा आवळला आणि बटण दाबलं.

आकडे वरखाली झाले. तो आणि रुक्मिणीबाई, दोघंही आकड्यांकडे बघत होते. मग ते स्थिर झाले.

“चौदा पॉइंट सहा,” दीपक म्हणाला.